धुके, धुरके आणि उतरलेला ढग : कमी दृश्यमानतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोरचे दिसेनासे झाले की आपण सरसकट ‘धुके पडले’ असे म्हणतो. वास्तविक जानेवारीत दिल्लीला विमाने अडवणारे धुके, नोव्हेंबरात तिथेच डोळे चुरचुरवणारी धूसर हवा, जुलैत माळशेज घाटात गाडीसमोर येणारा पांढरा पडदा आणि डिसेंबरात मुंबईच्या इमारतींवर दिवसभर टिकणारा करडा थर यांची घडण वेगवेगळी असते. पडदा पाण्याचा आहे की धुळी-धुराचा आहे, हे आधी ओळखले म्हणजे तो किती वेळ टिकेल आणि आपण काय करावे, या पुढच्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. म्हणून या पानावर तो फरक पुन्हा पुन्हा येईल.

धुके नेमके कशाला म्हणायचे? ते ‘दाट’ केव्हा ठरते?

जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जलबिंदूंमुळे दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली आली, तर हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. दृश्यमानता म्हणजे साध्या डोळ्यांना एखादी ठळक वस्तू ओळखू येण्याचे जास्तीत जास्त आडवे अंतर. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार ५०० ते १,००० मीटरपर्यंत दिसत असेल तर धुके हलके, २०० ते ५०० मीटर असेल तर मध्यम, ५० ते २०० मीटर असेल तर दाट आणि ५० मीटरच्याही आत असेल तर अतिदाट मानले जाते. वर्तमानपत्रातील ‘दाट धुक्याची चादर’ बहुतेक वेळा या मोजपट्टीवर हलक्या किंवा मध्यम वर्गात बसणारी असते, हे बातमी वाचताना लक्षात ठेवावे.

मग धुरके आणि धूसर हवा म्हणजे काय?

धूसर हवेत पाण्याचे थेंब जवळजवळ नसतात. तिथे धूळ, धूर, काजळी, क्षार असे कोरडे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि दूरचे डोंगर, इमारती फिकट, निळसर किंवा तपकिरी दिसू लागतात. धुरके हा या दोहोंमधला संकर आहे : धूर आणि धुके एकत्र आल्यावर जे होते ते. धुराच्या कणांवर पाणी साचते, थेंब संख्येने वाढतात, आणि साध्या धुक्यापेक्षा ते अधिक काळ रेंगाळते.

ओळखण्याची ढोबळ खूण अशी : हवा ओलसर लागत असेल, गाडीची काच पुसावी लागत असेल आणि रंग शुभ्र असेल तर ते धुके. हवा कोरडी असेल, घशात खवखव होत असेल, रंग पिवळट-तपकिरी असेल आणि दुपारी बारा वाजले तरी चित्र बदलत नसेल, तर ती धूसर हवा. विमानतळावरील हवामान निरीक्षकही हा फरक सापेक्ष आर्द्रता पाहूनच करतात. त्यांच्या सांकेतिक नोंदीत धुक्याला ‘एफजी’, १,००० ते ५,००० मीटर दृश्यमानतेच्या विरळ धुक्याला ‘बीआर’ आणि धूसर हवेला ‘एचझेड’ लिहितात. यांपैकी ‘बीआर’ हा संकेत ‘ब्रूम’ या फ्रेंच शब्दावरून आला आहे, त्यामुळे इंग्रजी शब्दात तो शोधणाऱ्यांचा नेहमी गोंधळ होतो.

धुके तयार होण्यासाठी काय काय जुळून यावे लागते?

चार गोष्टी : जमिनीलगत ओलावा, निरभ्र आकाश, जवळजवळ थांबलेला वारा आणि लांब रात्र. सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. ढग नसले तर ही उष्णता परत फिरत नाही, जमीन भराभर थंड होते आणि तिला टेकलेली हवाही थंड होते. हवेचे तापमान दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, उतरले की तिच्यातील बाष्प सूक्ष्म कणांवर साचून थेंब बनतात. वारा अगदीच पडला तर सगळे बाष्प दवाच्या रूपाने गवतावर उतरते, आणि वारा जोरात असला तर वरची कोरडी हवा खाली मिसळून धुके बनूच देत नाही. हातावर जाणवेल न जाणवेल इतकी मंद झुळूक धुक्याला सर्वांत मानवते.

अशा रात्री एरवीचा नियम उलटा होतो. उंचावर थंड आणि खाली उबदार असे न राहता जमिनीलगत थंड आणि काही शे मीटरवर उबदार हवा असते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. भांड्यावर झाकण ठेवावे तशी ती उबदार हवा खालच्या थंड हवेला, तिच्यातील ओलाव्याला आणि धुरालाही वर जाऊ देत नाही. हे झाकण या पानावर पुढेही भेटेल.

दरवर्षी पंजाबपासून बिहारपर्यंतच इतके धुके का पडते? महाराष्ट्रात तसे का होत नाही?

गंगेचे मैदान हे धुक्यासाठी जणू मुद्दाम घडवलेले भांडे आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, मध्ये शेकडो किलोमीटर सपाट जमीन, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या जमिनीवर पाणी पाजलेला गहू. पश्चिमेकडून येणारे पश्चिमी झंझावात (हिंदीत ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात) थोडा पाऊस देऊन पुढे सरकतात. त्यांच्या मागे आकाश निवळते, हवेचा दाब वाढतो, हवा वरून खाली बसू लागते आणि वारा मंदावतो. म्हणजे ओलावा, निरभ्र आकाश, शांत वारा आणि लांब रात्र या चारही अटी एकाच वेळी पूर्ण होतात. मग पाकिस्तानातील पंजाबपासून बांगलादेशापर्यंत एकसंध पांढरा पट्टा पसरतो, आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तो हिमालयाच्या पायथ्याशी कापूस भरल्यासारखा दिसतो.

त्यात मानवनिर्मित भर मोठी आहे. बाष्पाला साचायला कण लागतात आणि या मैदानात चुली, वीटभट्ट्या, वाहने, औष्णिक वीजकेंद्रे आणि शेकोट्या यांमुळे कणांचा सुकाळ असतो. तेवढेच बाष्प अधिक कणांवर वाटले गेले की थेंब लहान पण संख्येने पुष्कळ होतात. असे धुके समान पाण्यातही अधिक अपारदर्शक असते आणि लहान थेंब लवकर खाली बसत नसल्यामुळे ते अधिक टिकते. गेल्या काही दशकांत या मैदानातील धुक्याचे दिवस वाढले, त्यामागे सिंचनाखालील क्षेत्राबरोबरच हे प्रदूषणही असल्याचे संशोधक मानतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने याच अभ्यासासाठी २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर ‘वायफेक्स’ ही मोहीम चालवली. मराठी वाचकाला दूरचा वाटणारा हा विषय अशा रीतीने पुण्याच्या पाषाण भागातील प्रयोगशाळेशी जोडलेला आहे.

महाराष्ट्राचे पठार उंच, उतरते आणि तुलनेने कोरडे आहे. इथे पश्चिमी झंझावातांचा प्रभाव क्वचितच पोहोचतो. त्यामुळे धुके पडते ते नदीकाठी, धरणांच्या भोवती आणि खोलगट भागांत, आणि सकाळी नऊच्या सुमारास बहुधा विरून जाते.

दिल्लीत नोव्हेंबरात दिसते तेही धुकेच ना?

बहुतांशी नाही. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये जे दिसते ते प्रामुख्याने धूसर हवा आणि धुरके असते. शहराचा स्वतःचा धूर, धूळ आणि दिवाळीतील फटाके यांत पंजाब-हरियाणातील भाताचे काड जाळल्याचा धूर वायव्य वाऱ्यांबरोबर येऊन मिळतो.

यामागची एक साखळी सहसा सांगितली जात नाही. भूजल खोल जात असल्यामुळे पंजाब सरकारने २००९ मध्ये कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. हेतू पाणी वाचवण्याचा होता आणि तो रास्त होता. पण लावणी पुढे गेल्याने कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला शेतकऱ्याच्या हाती थोडेच दिवस उरले, आणि काड पेटवण्याचा काळ नेमका वारे मंदावण्याच्या दिवसांत येऊन पडला. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

दिल्लीच्या मध्यवर्ती भागात धुके बाहेरपेक्षा कमी असते, हे खरे आहे का?

होय. अनेक हिवाळ्यांच्या उपग्रह निरीक्षणांत सलग धुक्याच्या थरात मोठ्या शहरांवर भोके पडलेली दिसली आहेत आणि दिल्लीवरचे भोक त्यांत ठळक आहे. काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहते, जमिनीत ओल नसते, त्यामुळे शहरातील हवा दवबिंदूपर्यंत उतरत नाही. विमानतळ मात्र शहराच्या कडेला मोकळ्या मैदानात असतो, म्हणून घराच्या गच्चीवरून स्वच्छ दिसत असतानाही उड्डाण रखडल्याचा संदेश येऊ शकतो.

सूर्य उगवल्यावर धुके कमी होण्याऐवजी वाढलेले का दिसते?

हे निरीक्षण अचूक आहे. पहाटे धुके पुष्कळदा गुडघ्याएवढे किंवा माणसाएवढेच उंच असते. सूर्याची पहिली ऊब गवतावरील दव पुन्हा हवेत सोडते आणि जमिनीलगत हलकीशी घुसळण सुरू होते, त्यामुळे तो पातळ थर वर पसरतो. सूर्योदयानंतरचा अर्धा-एक तास म्हणूनच वाहनचालकांसाठी सर्वांत फसवा असतो. पुढे जमीन तापली की धुके खालून विरायला लागते. उत्तरेत कधी कधी ते विरत नाही, उचलले जाऊन खालच्या ढगासारखे दिवसभर डोक्यावर राहते, ऊन पोहोचत नाही, आणि दुपारीही हुडहुडी भरते. अशा दिवसांचा हवामान विभाग ‘थंड दिवस’ म्हणून वेगळा इशारा देतो.

मुंबईत हिवाळ्यात जे दिसते ते धुके की प्रदूषण?

मुख्य शहरात बहुतेक वेळा धूसर हवा. मुंबईची हवा एरवी खाऱ्या वाऱ्यांमुळे धुऊन निघते : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू होतात आणि दुबळे असतात, मतलई वारे अधिक वेळ राहतात, वर तापमानाच्या विपरीततेचे झाकण बसते. बांधकामाची धूळ, रस्त्यावरची धूळ, वाहने, बेकऱ्या आणि कारखाने यांचा धूर मग तिथल्या तिथे फिरत राहतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे इतके तीव्र झाले की शहर दिल्लीशी तुलना करू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात महानगरपालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावणे, पाणी फवारणे, राडारोडा झाकून नेणे असे नियम जाहीर केले.

खरे धुके पाहायचे असेल तर कर्जत किंवा कसाऱ्याची पहाटेची लोकल पकडावी. बदलापूरच्या पुढे उल्हास नदीचे खोरे, भातखाचरे आणि डोंगरांवरून रात्री खाली उतरणारी थंड हवा यांमुळे डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते. तिकडच्या गाड्या उशिरा धावतात, आणि दादरला उभ्या असलेल्या माणसाला ‘धुके कुठे आहे?’ असा प्रश्न पडतो.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत गाड्यांवर पांढरी भुकटी बसली होती. ते काय होते?

ती वाळवंटी धूळ होती. २२-२३ जानेवारी २०२२ च्या सुमारास पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात उठलेले धुळीचे वादळ कराचीच्या बाजूने अरबी समुद्रावरून गुजरातमार्गे मुंबईपर्यंत आले. दिवस असूनही सूर्य चंद्रासारखा फिका दिसत होता आणि तापमानही खाली आले. धुक्याचा पाण्याशी संबंध असतो, इथे पाणी नव्हते, म्हणून ऊन चढल्यावरही ते विरले नाही. वाऱ्याने वाहून नेईपर्यंत वाट पाहावी लागली.

पावसाळ्यात माळशेज, आंबोली, महाबळेश्वरला असते ते धुकेच का?

खाली उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो डोंगराला टेकलेला ढग असतो आणि आत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने धुके. नैर्ऋत्येकडून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या कड्यावर आपटून वर चढते, चढताना प्रसरण पावून थंड होते आणि कड्याच्या उंचीवरच तिचा ढग बनतो. याला रात्र, निरभ्र आकाश किंवा शांत वारा यांपैकी कशाचीच गरज नसते. म्हणूनच घाटातले हे धुके भर दुपारी, सोसाट्याच्या वाऱ्यात आणि मुसळधार पावसातही टिकते. ‘ऊन आले की जाईल’ या हिशेबाने थांबण्यात इथे अर्थ नाही. ते एका मिनिटात जाते आणि दुसऱ्या मिनिटात परत येते.

महाबळेश्वरचे हिवाळी चित्र अगदी निराळे. तेव्हा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात रात्री थंड हवा साचते, आणि गावात पारा शून्याच्या पुष्कळ वर असताना तिथे गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेले सापडते.

याच विषयात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरील इंद्रवज्राचा उल्लेख करायलाच हवा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असताना समोर कोकणात ढग किंवा धुके भरलेले असले, तर त्या पडद्यावर आपल्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ उमटते. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद केली होती. थेंब एकसारख्या आकाराचे असतील तर रंग स्पष्ट दिसतात, त्यामुळे रोज जाऊन रोज ते दिसत नाही.

विदर्भात ‘धुई’ किंवा ‘धुवारी’ म्हणतात ती वेगळी असते का?

शब्द वेगळे, वस्तू तीच. पूर्व विदर्भात बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो, भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव आणि भाताची ओल असते, आणि अवकाळी पाऊस पडून गेल्यावर आकाश निवळले की उत्तरेसारखीच स्थिती लहान प्रमाणात तयार होते. शेतकऱ्याला तिची धास्ती असते ती फुलोऱ्यातल्या तुरीमुळे. ओल दिवस वर येईपर्यंत टिकली की फुले गळतात, असा अनुभव आहे.

धुक्याने पिकांचे नुकसान नेमके कसे होते?

पान किती तास ओले राहिले, यावर बुरशीचे भवितव्य ठरते. नाशिक भागातील द्राक्षावर केवडा (ज्याला बागायतदार ‘डाऊनी’ म्हणतात), कांद्यावर करपा, कोकणातल्या आंब्याच्या मोहोरावर भुरी यांची चिंता धुक्याच्या दिवसांत वाढते ती यामुळे. फेब्रुवारीत समुद्रावरून येणारी दमट हवा रात्री गार झालेल्या किनारपट्टीवर पसरते तेव्हा कोकणात पहाटे धुके पडते, आणि मोहोराचाही काळ तोच असतो. थंडीपासून बचावासाठी बागेत शेकोट्या करतात, पण धुके घालवण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. धुराचे कण धुक्याला उलट आधारच देतात.

चेन्नईत भोगीच्या दिवशी विमाने का अडकतात?

तिथे भोगीला जुन्या वस्तू पहाटे जाळण्याची प्रथा आहे आणि जानेवारीच्या मध्यावर तिथली हवाही पहाटे दमट व शांत असते. हजारो ठिकाणचा धूर त्या हवेत मिसळला की काही तासांत धुरके तयार होते. आपल्याकडची भोगी बाजरीची भाकरी आणि मिसळीच्या भाजीवर निभावते, हे त्या दृष्टीने बरेच आहे.

विमानातून धावपट्टी स्पष्ट दिसत होती, तरी वैमानिकाने विमान का उतरवले नाही?

धुक्याचा थर बहुधा पातळ असतो. वरून सरळ खाली पाहताना नजर त्यातून शंभर मीटर जाते, म्हणून धावपट्टी दिसते. उतरताना मात्र विमान तिरप्या मार्गाने येते, नजरेला त्याच थरातून एक-दोन किलोमीटर पार करावे लागतात, आणि शेवटच्या क्षणी सगळे नाहीसे होते. म्हणून निर्णय धावपट्टीवरील यंत्रांनी मोजलेल्या दृश्यमानतेवर घेतला जातो. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘दृष्टी’ हे यंत्र त्यासाठी देशातील विमानतळांवर वापरले जाते.

दिल्लीत ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरवण्याची सोय आहे, पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक या तिघांचीही पात्रता लागते. तिघांपैकी एक कमी पडले तर विमान दुसरीकडे वळवावे लागते. तेच विमान पुढे पुण्याला किंवा नागपूरला यायचे असते, म्हणून पुण्यात लख्ख ऊन असतानाही प्रवासी खोळंबतात.

रेल्वे धुक्यात काय करते?

वेग कमी करते, आणि चालकाला सिग्नल जवळ आल्याचे आधी कळवते. जुनी पद्धत फटाक्यांची : सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळांवर दोन फटाके बांधतात, इंजिनाच्या चाकाखाली त्यांचा आवाज झाला की चालक सावध होतो. आता जीपीएसवर चालणारे फॉग सेफ डिव्हाइस इंजिनात ठेवतात, ते पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते सांगते. सिग्नलचा रंग मात्र ते सांगत नाही, तो चालकालाच पाहावा लागतो.

गाडी चालवताना काय करावे?

दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत थेंबांवरून परतून स्वतःच्याच डोळ्यांत येतो. डावीकडची पांढरी रेषा धरून चालावे, दिसते त्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, काचा किंचित उघड्या ठेवून आवाज ऐकावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्यामुळे मागच्याला गाडी उभी आहे की चालू, वळणार की नाही, काहीच कळत नाही. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. थांबायचेच असेल तर रस्त्याच्या कडेला थांबू नये, पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात गाडी पूर्ण आत घ्यावी.

धुके कृत्रिमरीत्या हटवता येते का?

येते, पण परवडत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धावपट्टीच्या दोन्ही कडांना पेट्रोल जाळून हवा तापवत आणि विमाने उतरवत. त्यासाठी लागणारे इंधन युद्धाशिवाय कोणी खर्च करणार नाही. शहरात पाण्याचे फवारे सोडणाऱ्या तोफा फिरतात, त्यांनी आसपासची जाड धूळ थोडी बसते, धुक्यावर त्यांचा परिणाम होत नाही.

उद्या पहाटे धुके पडेल का, हे घरच्या घरी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी. आज पाऊस पडून गेला असेल किंवा शेताला पाणी दिले असेल, संध्याकाळी आकाश निवळले असेल, झाडाचे पान हलत नसेल आणि रात्री दहाच्या आतच दुचाकीच्या सीटवर दव जमले असेल, तर पहाटेचा प्रवास तासभर पुढे ढकलावा. हवामान विभागाच्या संकेतस्थळावरील जिल्हानिहाय इशारा आणि विमानतळाची ताजी नोंद त्याच्या जोडीला पाहावी. डोंगरदऱ्यांच्या भागात मात्र जिल्ह्याचा इशारा हिरवा असूनही तुमच्या गावच्या ओढ्याकाठी धुके असू शकते, आणि तिथे रोज पहाटे दूध घालायला जाणाऱ्या माणसाला विचारलेले बरे.